विश्लेषण : पुणे की पिंपरी-चिंचवड, जास्त सुरक्षित कोण?

गुन्हे कुठे जास्त, हा वाद या जुळ्या शहरांत नेहमीचा. पण तुलना नीट होते का?

गुन्हेदर म्हणजे काय?
दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. हजार गुन्हे दहा लाख वस्तीत घडले तर दर १००, वीस लाखांत घडले तर ५०.

गफलत कुठे?
१५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले. त्यात ग्रामीण पोलिसांकडची चाकण, तळेगावसारखी ठाणीही आली. गुन्हे आयुक्तालयाचे आणि लोकसंख्या फक्त महापालिकेची धरली, की दर फुगतो. त्यातही ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतली, सुमारे १७ लाख. २००१ मध्ये ती दहा लाख होती. शहर किती वेगाने वाढते ते यावरून कळावे. शिवाय तक्रार तत्परतेने नोंदवणाऱ्या ठाण्याचाच आकडा मोठा दिसतो.

दोष ‘बाहेरच्यां’चा?
क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी शिकागोचा अभ्यास १९४२ मध्ये मांडला. काही वस्त्यांत राहणारे समाज बदलत गेले, तरी बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहिले. कारणे होती गरिबी, सतत बदलणारे रहिवासी आणि सैल पडलेला शेजार.

म्हणूनच भाडेकरू कामगारांकडे बोट दाखवणे सोपे, पण चुकीचे. पोलिसांनी ठाणेनिहाय गुन्हे आणि लोकसंख्या एकत्र जाहीर करावी. महापालिकांनी त्या वस्त्यांत शाळा, दिवे, मैदाने द्यावीत. नुसत्या क्रमवारीने कोणतीच गल्ली सुरक्षित होत नाही.