एक किलोमीटरची पळवाट

शिक्षण हक्क कायद्यात वंचित-दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांचे पैसे सरकार थकवते, ही खासगी शाळाचालकांच्या संघटनांची जुनी ओरड. आणि ती खोटी नाही. पण थकबाकी चुकवण्याऐवजी महाराष्ट्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी भलताच तोडगा काढला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. शहरात अशी शाळा जवळपास नसते कुठे? पालक न्यायालयात गेले. मेमध्ये स्थगिती आली, १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने नियमच रद्द केला. तोवर काही शाळांनी त्या जागांवर फी भरणारी मुले घेऊनही टाकली होती. शाळांची संघटना मग सर्वोच्च न्यायालयात धावली. तिथेही डाळ शिजली नाही.