सुशीच्या ताटापुढे श्रावक

व्यापारानिमित्त जपानशी संबंध असलेली कुटुंबे आपल्या समाजात आहेत. टोकियोच्या ओकाचिमाची भागातील रत्नबाजारात आणि कोबे येथील मोत्यांच्या व्यापारात जैन व्यापारी स्थिरावले आहेत. कोबेच्या कितानो भागात १९८५ साली उभारलेले भगवान महावीर स्वामींचे मंदिर त्याची साक्ष देते. अशा व्यापाऱ्याला जपानी सहकारी आपल्या पेठेतील आवडत्या सुशीगृहात नेतो, तेव्हा त्यामागे आपुलकी असते. त्या आपुलकीचा मान कसा राखावा आणि व्रतही कसे सांभाळावे, हा खरा प्रश्न आहे.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा समज अपुरा आहे. व्हिनेगर, साखर व मीठ लावलेला भात हे तिचे मूळ अंग. काकडीची गुंडाळी 'कप्पामाकी' नावाने जवळजवळ सर्वत्र मिळते. 'कान्प्यो' म्हणजे तर आपल्या दुधीच्याच जातीच्या फळाच्या सुकवलेल्या पट्ट्या. हे ऐकून मन निश्चिंत होते. परंतु सावधपणाची गरज येथूनच सुरू होते.

कान्प्यो ज्या रसात शिजवतात, त्यात बहुधा 'दाशी' असते आणि नेहमीची दाशी सुकवलेल्या माशाच्या किसापासून काढतात. 'इनारी' या तळलेल्या टोफूच्या पिशवीचे आणि मिसो सूपचेही तेच. सोबत येणारे लोणचे आल्याचे असते, पिवळी फोड मुळ्याची असते आणि वासाबी हाही जमिनीत वाढणाराच भाग. 'नोरी' हे सागरी शेवाळ. कोळंबी व खेकडे यांच्या अधिवासातून ते काढले आहे, अशी सूचना जपानी पाकिटांवर पुष्कळदा छापलेली असते. शिवाय सुरी आणि फळी बहुधा माशाचीच.

वेळेचाही विचार हवा. डिसेंबरात टोकियोचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. ज्यांचा रात्रिभोजनत्याग आहे, त्यांनी निमंत्रण दुपारचे मागून घ्यावे.

जपानी भोजनगृहांत 'ओमाकासे' असा शब्द आहे. त्याचा अर्थ, निवड तुमच्यावर सोपवली. व्यापारी माणसाला ही विश्वासाची भाषा परिचित आहे. पण उधारी देताना आपण पत पाहतोच, आणि त्यात समोरच्याचा अपमान आहे असे कोणी मानत नाही. तसेच येथे. काय चालत नाही याची यादी जपानी भाषेत लिहून आरक्षणाच्या वेळीच कळवावी. आचाऱ्याला तयारीस अवधी मिळतो आणि यजमानाला ऐनवेळी संकोच होत नाही. 'शाकाहारी' एवढा एक शब्द मात्र पुरेसा नाही. मासा, दाशी, अंडे, कंदमुळे असे एकेक नाव स्वतंत्र लिहावे.

एवढे करूनही व्हिनेगर, नोरी आणि सुरी यांविषयी प्रत्येकाने आपल्या नियमाप्रमाणे निर्णय घ्यावा. ज्याला काहीच चालणार नाही, त्याने उकळलेले पाणी घेऊन पंगतीत प्रसन्नपणे बसावे. यजमानाच्या स्मरणात आपण किती खाल्ले हे राहत नाही; आपण किती मोकळेपणाने बोललो, हे राहते. मौन धरून ताटातले उष्टे टाकण्यापेक्षा आधी सांगितलेला नकार अधिक सभ्य असतो.

जय जिनेंद्र.