ताप उतरला म्हणजे सुटलो?

सांधे धरले की चिकुनगुन्या, पेशी उतरल्या की डेंग्यू, पुरळ आलं की ‘उष्णता’. पावसाळा सरता सरता जूचंद्रच्या नाक्यावर हे निदान फुकट मिळतं, वर पपईच्या पानांच्या रसाचा सल्लाही.

हे निदान अगदीच बिनबुडाचं नाही. चिकुनगुन्यात ताप एकाएकी चढतो, दोन्ही हातांची मनगटं, बोटांची पेरं आखडतात. जूचंद्र रांगोळीकारांचं गाव. चिमूट धरवेना म्हणजे काय, हे इथं कुणाला समजवायला नको. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे ठणकतं. झिकात ताप बेताचा, डोळे लाल. पण तिन्ही विषाणू वाहणारा एडिस डास एकच, आणि ताप, पुरळ, अंगदुखी तिन्हींत. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. त्या बाईंना चिकुनगुन्याही होता. सांधे बघून सांगणारा ‘चिकुनगुन्या’ म्हणाला असता, बरोबरही ठरला असता आणि झिका निसटला असता. बेलसर लांबचं म्हणावं, तर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, तलासरीजवळच्या झाईच्या आश्रमशाळेत झिका निघाला. शिवाय झिका झालेल्या पाचांतल्या चौघांना लक्षणंच नसतात. तिथं नाका काय ओळखणार? आणि तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलेल्याचा ताप लेप्टोचाही असू शकतो. त्याला डास लागतच नाही.

मग लक्षणं बघूच नयेत? ‘रिपोर्ट आणा, मग बोलू’ म्हणणाऱ्यांचा सगळा जीव पेशींच्या आकड्यात. आकडा लाखाखाली गेला की रक्तपेढीकडे धावाधाव. रक्तस्राव नसेल, तर पेशी दहा हजारांच्या वर असेपर्यंत त्या बाहेरून चढवायची सहसा गरज नसते. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतला द्रव पाझरून रक्तदाब कोसळल्यानं. त्याची वर्दी अंग देतं: पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मलूलपणा, पुढे गार पडलेले हातपाय. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये डेंग्यूची वर्गवारी बदलली, तेव्हा धोक्याच्या खुणांना त्यात मानाची जागा दिली. आणि या खुणा दिसतात बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, ‘उतरला ना, उद्या कामावर जा.’

माझं म्हणणं एवढंच, की लक्षणांवरून विषाणूचं नाव नव्हे, धोका ओळखावा. नाव ठरेपर्यंत वेदनाशामकांपुरता प्रत्येक ताप डेंग्यूच धरावा: पॅरासिटामॉल चालेल, पण सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेलं आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, कारण डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मलेरियासाठी रक्तही त्याच वेळी तपासावं. डेंग्यूच्या चाचणीलाही दिवस मोजावे लागतात. एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम त्यानंतर. सातव्या दिवशी केलेली एनएस-१ निगेटिव्ह आली, तर त्या कागदावरून डेंग्यू नव्हता असं सिद्ध होत नाही.