"अपडेट बंद करून द्या हो!"

शिरूर-दौंड भागात कॉम्प्युटर दुरुस्तीला फिरताना हे वाक्य हमखास ऐकतो. सेवा केंद्रात सातबाऱ्यासाठी रांग, लाईटचा भरवसा नाही, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. त्यात मशीन अपडेटचे टक्के मोजत बसली की शिव्या ऑपरेटरला. काही ठिकाणी विंडोजच क्रॅक केलेलं, म्हणून अपडेटची भीती. खरं सांगतो, पूर्वी मीही पैसे घेऊन अपडेट बंद करून दिलेत.

आता देत नाही. २०१७ आठवा. विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलं होतं. १२ मे रोजी त्याच भगदाडातून वॉनाक्राय शिरला, फायलींना कुलूप लावून खंडणी मागायला लागला. जगभर बोंब झाली, तरी कित्येकांनी अपडेट टाकलं नाही. २७ जूनला नॉटपेट्या आला आणि जेएनपीटीतल्या मर्स्कच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. आपला कांदा जिथून जहाजावर चढतो, तेच बंदर.

यातली मेख अशी, की नॉटपेट्या एका कच्च्या मशीनमधून आत आला की तिथले पासवर्ड उचलून शेजारच्या अपडेट केलेल्या मशीनवरही जायचा. म्हणजे ऑफिसात नऊ मशीन नीट आणि कोपऱ्यातली एक जुनी, तरी दहाही जाऊ शकतात. म्हणून "माझं मशीन, माझी मर्जी" हे मला पटत नाही. तिथे आपलं आधार, अंगठा, कर्जाची खाती असतात.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नोंदणी केली तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे, बस्स. आणि आपल्याकडची बरीच जुनी मशीन विंडोज ११ घेतच नाहीत. नवीन घ्यायचं तर पैसे कोणी घालायचे? दाखल्यामागे चार पैसे सुटणाऱ्या ऑपरेटरने एकट्याने? ग्रामपंचायत, सोसायटी, पतसंस्था यांनी आपापल्या मशीनसाठी बजेटमध्ये वेगळी तरतूद करावी आणि महिन्यातली एक संध्याकाळ अपडेटला राखून ठेवावी.

वार्षिक सभेत लाभांशावर आणि नाष्ट्यावर तासभर भांडतो आपण. यंदा एक प्रश्न लेखी द्या: संस्थेत किती मशीन, त्यावर कोणतं विंडोज, शेवटचं अपडेट कधी? मी आमच्या सोसायटीत देतोय. तुमच्याकडे काय उत्तर मिळतं ते कमेंटमध्ये टाका.