कबरीत जाणारे पेसमेकर

पेसमेकर बसवलेल्या माणसाचे दहन करायचे असेल तर यंत्र आधी काढावेच लागते, कारण त्यातली लिथियमची बॅटरी आगीत फुटते. आपल्याकडे दफन असते, म्हणून हा प्रश्न कधी उभाच राहत नाही. गुस्ल दिला जातो, कफन होते, जनाज्याची नमाज होते आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेले, अजून कित्येक वर्षे चालले असते असे यंत्र मातीत जाते. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठल्याही गावच्या कब्रस्तानात अशी यंत्रे असणारच. त्यावर आपण बोलायला हवे, असे मला वाटते.

पेसमेकर हे काडेपेटीएवढे यंत्र. गळ्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. त्याची तार हृदयात जाते आणि ठोके मंदावले की विजेचा हलका इशारा देते. हृदय दुबळे होऊन त्याच्या दोन बाजू एका वेळी आकुंचन पावेनाशा झाल्या, तर बहुधा तीन तारांचे यंत्र लावतात, त्याला सीआरटी म्हणतात. जीवघेणी लय सुरू झाली की झटका देऊन ती मोडणारे यंत्र म्हणजे आयसीडी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसतो, हा गरिबाला मोठाच आधार आहे. पण सीआरटी आणि आयसीडीच्या किमती लाखांत जातात. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या शेतमजुराने त्या कुठून आणायच्या?

याचे एक उत्तर मुंबईत शोधले गेले. अमेरिकेत अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी मृतांच्या देहातून काढलेले पेसमेकर, कुटुंबाच्या संमतीने, वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये आले. ते तपासून, निर्जंतुक करून ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. तिथेच ८१ रुग्णांना वापरलेले आयसीडी बसवले. त्याचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात जंतुसंसर्गाची एकही घटना नव्हती. पुढे २०२० मध्ये कॅनडाच्या डॉक्टरांनी मेक्सिको, ग्वाटेमाला वगैरे देशांतल्या १,०५१ रुग्णांचा हिशेब मांडला. दोन वर्षांत वापरलेल्या यंत्रांत संसर्ग २ टक्के, कॅनडातल्या नव्या यंत्रांत १.२ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठोस ठरला नाही.

म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या कुणाचे तरी यंत्र वांद्र्याला येऊन गरिबाला जगवते आणि आपल्या माणसाचे मात्र आपण पुरून टाकतो.

यावर धर्माचा आक्षेप येईल. मय्यतीच्या देहाची विटंबना होऊ नये, ही शिकवण मला पूर्ण मान्य आहे. पण पेसमेकर हा अवयव नाही. ती विकत आणलेली वस्तू आहे, बाहेरून आत ठेवलेली. अवयवदानाच्या वादात तिला ओढू नये. दुसऱ्याचा मौल्यवान ऐवज गिळून माणूस मेला तर काय करावे, याची चर्चा फिकहच्या जुन्या ग्रंथांत आहे. मते वेगवेगळी आहेत, पण प्रश्न टाळलेला नाही. तिथे पोट चिरण्याची बाब होती. इथे डॉक्टरांनी द्यायचा लहानसा छेद आणि नंतर घालायचे टाके एवढेच आहे. आपल्या जिल्ह्यांतल्या उलेमांनी डॉक्टरांना सोबत बसवून यावर स्पष्ट मत द्यावे. विहीर खणणे, झाड लावणे याला आपण सदका-ए-जारिया मानतो. दुसऱ्याच्या छातीत चालू राहणारे यंत्र त्यात का बसू नये?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो अधिक खरा आहे. कंपन्या ही यंत्रे एकदाच वापरण्यासाठी म्हणून विकतात. अमेरिका स्वतःच्या देशात त्यांचा पुनर्वापर मान्य करत नाही. शिवाय उद्या कुणी दलाल मय्यतीच्या घरी येईल आणि जुने यंत्र नवे म्हणून विकेल, ही भीती आहेच. म्हणून घरच्यांनी किंवा गुस्ल देणाऱ्यांनी यंत्राला हात लावू नये. आयसीडी बंद न करता काढले तर झटका बसतो. यंत्र कुणाला परस्पर देऊही नये.

हवी आहे ती सरकारी चौकट. अवयवदानासाठी पुण्यात विभागीय समन्वय केंद्र आहे, तशीच सोय यंत्रांसाठी व्हावी. कुटुंबाची लेखी संमती, प्रत्येक यंत्राच्या क्रमांकाची नोंद, बॅटरीचे उरलेले आयुष्य तपासणे, तारा नव्याच वापरणे आणि ज्याला बसवायचे त्याला ते वापरलेले आहे हे स्पष्ट सांगणे. पैशाचा व्यवहार मात्र अजिबात नको. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेतून याची सुरुवात करता येईल.

ही मागणी आपल्यापुरती नाही. दहनाआधी काढलेले यंत्रही एखाद्या घरात कपाटात पडून राहते किंवा कचऱ्यात जाते. दोघांचेही वाया जाते.

मिरजेत सतारी-तंबोरे घडवणारी आपलीच माणसे आहेत. गाणारा गेला म्हणून त्याचा तंबोरा कुणी त्याच्याबरोबर पुरत नाही, तो दुसऱ्याच्या हातात जातो. ज्यांच्या छातीत आज यंत्र आहे, त्यांनी आपली इच्छा घरच्यांना आत्ताच सांगून ठेवावी, वसियतीत लिहावी. मय्यतीच्या घाईत हे कुणाला सुचत नाही.