बोटांना न विचारता घडलेला इतिहास : कळफलकाविषयी एक धागा

१/ जे टिकले ते श्रेष्ठ होते म्हणूनच टिकले, असे एखाद्या राजवटीविषयी कोणी म्हटले तर आपण तत्काळ पुरावा मागतो. वस्तूंच्या इतिहासात मात्र हेच विधान आपण निमूटपणे स्वीकारतो. आजचा धागा त्या समजुतीविरुद्ध आहे आणि त्यासाठी निवडलेली वस्तू आपणा सर्वांच्या हाताखाली असते: संगणकाचा कळफलक. टंकनास सुखद कळफलक शोधताना आज जी दमछाक होते, तिचे कारण ज्ञानाचा अभाव हे नाही. उत्तम कळ कशी घडवावी, हे ४० वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

२/ प्रथम ‘सुखद’ या शब्दाचा अर्थ निश्चित करू. कळ दाबताना प्रतिकार कोठे वाढतो, अक्षर कोठे नोंदले जाते आणि कळ तळाला कोठे टेकते, या तीन गोष्टी बोटाला कळाव्या लागतात. अक्षर मध्येच नोंदले गेले आणि तसा स्पष्ट संकेत मिळाला, तर बोट तळावर आपटण्याची गरज उरत नाही. जुन्या टंकलेखन यंत्रात अक्षराचा दांडा बोटाच्याच जोरावर कागदावर आदळत असे. श्रम पुष्कळ होते, पण अक्षर उमटल्याची वार्ताही हाताला तेथेच मिळे. विद्युत कळफलकाने श्रम वाचवले आणि त्याबरोबर ती वार्ताही नाहीशी केली. ती परत कशी आणायची, हा अभियंत्यांपुढील प्रश्न होता.

३/ त्याचे एक विलक्षण उत्तर आयबीएमच्या रिचर्ड हंटर हॅरिस यांनी दिले. त्याचे पेटंट १९७८ मध्ये मंजूर झाले. कळेखाली एक बारीक स्प्रिंग असते. दाब वाढत जातो आणि एका विशिष्ट बिंदूला ती एकाएकी वाकते. त्याच क्षणी खालची पट्टी कलंडते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि अक्षर नोंदले जाते. स्पर्श, ध्वनी आणि नोंद एकाच क्षणी घडतात. १९८१ च्या आयबीएम पीसीसोबत आलेला ‘मॉडेल एफ’ हा कळफलक याच तत्त्वावर चालत असे.

४/ येथे सुवर्णयुगाची कथा रचण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १९८५ पासून आलेला आणि आज दंतकथा बनलेला ‘मॉडेल एम’ हीच मुळात काटकसर होती. मॉडेल एफमध्ये कलंडणाऱ्या पट्टीमुळे विद्युतधारकतेत होणारा बदल मोजून कळ ओळखली जाई. मॉडेल एममध्ये स्प्रिंग तीच राहिली, पण तिच्याखाली प्लास्टिकच्या पातळ पटलांचा स्वस्त थर आला. ज्याला आपण शिखर मानतो, ती उतरणीची पहिली पायरी होती.

५/ पुढील पायऱ्या झपाट्याने उतरल्या गेल्या. १९९१ मध्ये आयबीएमने आपला कळफलक-व्यवसाय लेक्समार्क या नव्या कंपनीकडे सोपवला. संगणकाच्या किमती कोसळत होत्या आणि कळफलक ही खोक्यात सोबत टाकायची वस्तू झाली. स्प्रिंगच्या जागी रबराचे घुमट आले. अशा कळेत घुमट दबून साधारणतः तळाला टेकतो तेव्हाच अक्षर नोंदले जाते. म्हणजे प्रत्येक अक्षरागणिक बोट तळावर आपटणार. हा बदल टंकलेखकांनी मागितला होता काय? कार्यालयाचा कळफलक खरेदी विभाग निवडतो. किमतीचा रकाना त्याच्यापुढे असतो. बोटांचा रकाना कोणत्याच कोष्टकात नसतो.

६/ “लोकांना सवय होते; जे मिळते ते चालते,” हा नेहमीचा बचाव. त्याला अलीकडच्या इतिहासाचे उत्तर आहे. २०१५ मध्ये ॲपलने मॅकबुकमध्ये अतिशय कमी खोलीची ‘बटरफ्लाय’ कळ आणली. यंत्र अधिक पातळ झाले, पण कळा अडकू लागल्या. २०१८ मध्ये कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीस ती जुन्या ‘सिझर’ रचनेकडे परतली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील दाव्यात, दोष मान्य न करता, ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. जगातील अत्यंत बलाढ्य कंपनीला बोटांपुढे माघार घ्यावी लागली, कारण या वेळी वापरणारा आणि पैसे मोजणारा बहुतांशी एकच होता.

७/ दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हा श्रीमंतांचा छंद आहे. वस्तुतः दिवसभर टंकन कोण करते, ते पाहावे. तालुक्याच्या कचेरीतील लिपिक, न्यायालयाबाहेर बसणारा टंकलेखक, दफ्तरातील नोंदी उतरवून घेणारा संशोधक विद्यार्थी. सुताराने पटाशीची मूठ पारखून घेतली तर तिला आपण छंद म्हणत नाही. कळ दाबताना बोटात कळ येऊ नये, ही अपेक्षा चैनीची कशी ठरते? शिवाय जर्मनीच्या चेरी कंपनीच्या स्विचची मूळ पेटंटे संपल्यानंतर चिनी उत्पादकांनी तशाच रचनेचे स्विच स्वस्तात आणले. चांगली कळ आज पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही.

८/ आता आपल्या भाषेचा मुद्दा, ज्याकडे कळफलकांची परीक्षणे ढुंकूनही पाहत नाहीत. ती परीक्षणे इंग्रजी टंकन गृहीत धरतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आणलेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानकात समाविष्ट झालेली इन्स्क्रिप्ट मांडणी घ्या. तीत ख, घ, थ, ध, भ अशी महाप्राण व्यंजने शिफ्टसह येतात. अ, आ, इ हे स्वतंत्र स्वरही शिफ्टसह येतात. ‘आणि’ हा साधा शब्द लिहिताना तीनपैकी दोन चिन्हांसाठी शिफ्ट दाबावी लागते. बहुतेक जोडाक्षरांसाठी हलन्त लागतो आणि तो इंग्रजी ‘डी’च्या कळेवर आहे. म्हणजे मराठी टंकलेखकाच्या करंगळीवर आणि डाव्या मधल्या बोटावर पडणारा भार इंग्रजी परीक्षकाला ठाऊकच नसतो. ज्या कळफलकाची अक्षरे मऊ पण शिफ्ट ताठ, तो इंग्रजीला चालेल, मराठीला छळेल.

९/ तेव्हा दुकानात जाल तेव्हा रंगीत दिव्यांना भुलू नका. ‘आणि’ दहा वेळा लिहा. ‘महाराष्ट्र’, ‘स्वातंत्र्य’, ‘भाषाशास्त्र’ लिहा. शिफ्टची कळ कडेला दाबली तरी सरळ खाली जाते काय, ते पाहा. अक्षर नोंदले गेल्याचे डोळे मिटूनही कळते काय, ते पाहा. आणि जेथे कळफलक कार्यालय किंवा महाविद्यालय विकत घेते, तेथे खरेदीपूर्वी टंकन करणाऱ्यांना तो हाताळू द्यावा, ही मागणी लेखी करा.

१०/ कळ बिघडत गेली ती स्वस्त करण्याच्या, पातळ करण्याच्या आणि खरेदीच्या निर्णयांतून. ते निर्णय माणसांनी घेतले होते, म्हणून ते बदलताही येतात. बाजारात जे उरले त्यालाच गुणवत्तेचा निवाडा मानणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. निवाडा झाला तेव्हा साक्षीला कोणाला बोलावले होते, हे त्याने विचारले पाहिजे. या खटल्यात बोटांची साक्ष अजून नोंदवायची आहे.