मजुरीचा तळ खचू देऊ नका

किमान वेतन कमी केले तर अधिक हातांना काम मिळेल, हा युक्तिवाद अधूनमधून कानी पडतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याची सुबक आकृतीही असते. त्या आकृतीत मजुराचे पोट मात्र दाखविलेले नसते.

जंगलातील माणसाच्या गरजा थोड्या, असेही कोणी म्हणतात. मी विचारतो, गरजा थोड्या की मिळकत थोडी? तेल, मीठ, औषध, वह्या यांच्या किमती अहेरी-धानोऱ्याच्या माणसासाठी कोणी उतरवीत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मजुरी बहुधा गुपचूप कापली जाते. तेंदूपत्त्याचेच घ्या. 70 पानांचा एक पुडा. म्हणजे 100 पुड्यांना 7,000 पाने. सारे घर पहाटे रानात जाते, दुपारी पुडे बांधते आणि सायंकाळी फळीवर नेते. मोबदला पुड्यांवर मिळतो. दर उतरला किंवा पुडे नाकारले, की दिवसाची कमाई घटलीच. पण 'वेतन कमी केले' असे कोणत्याही कागदावर येत नाही.

सरकारनेही हेच केले. 1 जानेवारी 2009 रोजी केंद्राने रोजगार हमीची मजुरी राज्यांच्या किमान वेतनापासून तोडली आणि 100 रुपयांची मर्यादा घातली. किमान वेतनाचा कायदा तसाच राहिला. त्याच्या खालून वाट काढली गेली.

"काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे" यास सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच उत्तर दिले आहे. आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात 1982 साली त्याने ठरविले की, किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम ही घटनेच्या 23 व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय. 1983 साली राजस्थानातील दुष्काळी कामांनाही त्यातून सूट नाकारली. भुकेल्याने मान डोलावली म्हणून ती त्याची संमती ठरत नाही.

आपल्या राज्यात 1988 साली रोजगार हमीची मजुरी दुप्पट झाल्यावर कामे अपुरी पडू लागली, हा दाखला विरोधक देतात. तो खोटा नाही. परंतु त्यातून मजुरी कापावी हे कसे निघते? कामाची हमी दिली, तर तिच्यासाठी पैसाही पुरेसा ठेवावा, एवढेच निघते.

आता 1948 च्या कायद्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता आली आहे. कायद्याचे नाव बदलले, तरी आपली जागरूकता सुटता कामा नये. मजुरी पडली की आईबाप मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि पोरांची शाळा सुटते. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या आम्हा मुलांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

म्हणून मित्रहो, मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला दोनच प्रश्न विचारू या: किमान वेतनाखाली काम करवून घेणार नाही, हे लिहून देता काय? आणि पुड्याचा दर दिवसाच्या किमान मजुरीस पुरेल, याची जबाबदारी कोण घेणार?